वाळ्याचं पाणी

"आधी पाणी प्या, मग बोला." भांडायला आलेल्या माणसालाही काकू हेच म्हणायच्या, आणि पेला हातात आला की भांडण निम्मं व्हायचं. तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, बघा आठवून.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी त्यांची पाणपोई होती. नळाचं पाणी, दोन माठ आणि माठात वाळ्याची जुडी. रिक्षावाले, कारखान्यातून सुटलेले कामगार, शाळेची पोरं, सगळे तिथं थांबायचे. यजमान गेल्यावर काकूंनी हे काम सुरू केलं आणि त्यातच त्या रमल्या.

एका उन्हाळ्यात नळाला औषधासारखा वास येऊ लागला. आमची पाइपलाइन कारखान्यांच्या नाल्याला लागूनच. घरांत फिल्टर होते, फाटकाशी नव्हता. काकू माझ्याकडे आल्या. "तपासून आणा हो. मी लोकांना काय पाजत्येय ते मला कळायला हवं."

माझ्याकडे, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी आणि रसायनशास्त्राचा पदवीधर. पदवीनंतर जन्मभर मी एका कंपनीसाठी टेबलं-खुर्च्या खरेदी केल्या, हे मी सहसा सांगत नाही. ठाण्याला खोपटजवळ एक प्रयोगशाळा शोधली, त्यांची बाटली आणली आणि नमुना कसा घ्यावा यावर फाटकाशी भाषण ठोकलं. भाषणाच्या नादात नमुना घ्यायचाच राहिला. बाटली काकूंकडे देऊन म्हटलं, सकाळी भरून ठेवा. सकाळी तिला मंद सुवास येत होता. प्रयोगशाळेच्या बाटल्या अशाच येत असतील, असं मी ठरवून टाकलं.

अहवाल उत्तम आला. मी तो फाटकावर चिकटवला, पेढे वाटले, पुन्हा चार शब्द बोललो. सगळे पांगल्यावर काकूंनी हळूच विचारलं, "वाळ्याबद्दल काही म्हणाले का ते?"

काकूंनी नमुन्याचं पाणी उकळलं होतं, धुतलेल्या फडक्यानं गाळलं होतं आणि रात्रभर वाळा घालून ठेवलं होतं. "परक्यांकडे पाठवायचं पाणी. तसंच कसं देणार?"

पेढा माझ्या तोंडात होता. तो तसाच ठेवून मी फाटकावरचा अहवाल सोलून काढला.

दुसरा नमुना प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन थेट नळाखालून घेऊन गेला. माझं भाषण त्यानं ऐकून घेतलं नाही. त्या पाण्यात कारखान्यातलं, उकळल्यावर उडून जाणारं रसायन निघालं, पिण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त. मी काकूंना मर्यादा म्हणजे काय ते समजावू लागलो. त्या उठल्या आणि दोन्ही माठ उपडे केले. "ती पोरं रोज प्यायची हो," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

तो अहवाल घेऊन मी महापालिकेत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला चहा विचारू लागला. शेवटी पाइप बदलला. तिसरा अहवाल स्वच्छ आला, तेव्हा काकू कळव्याला लेकीकडे अंथरुणाला खिळल्या होत्या. मी धावतपळत गेलो आणि दारातूनच सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

"आधी पाणी प्या."

प्यालो. मग बातमी सांगितली. त्यांनी डोळे मिटले. "मग माठ सरळ करा," म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत. माठ आता मी भरतो. दर उन्हाळ्यात नमुनाही मीच घेतो, थेट नळाखालून, काही न घालता. झाकण लावताना दर वेळी मनात येतं, परक्यांकडे चाललंय, तसंच कसं द्यायचं.