पंचाचा शब्द

दादा गेल्याची बातमी मला मालवणच्या गाडीच्या कंडक्टरने दिली. वेंगुर्ल्याच्या आमच्या शाळेसमोर गाडी थांबत नाही, त्या दिवशी थांबली. मी पाचवीच्या वर्गावर होते, फळ्यावर त्रैराशिकाचं गणित अर्धं झालं होतं. कंडक्टर टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमचो दादा... गेलो. गाडी थांबयलेली आसा. चला." मी म्हटलं, "थांबा जरा," आणि गणित पुरं केलं. उत्तराखाली रेघ मारली, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं. मग छत्री घेतली आणि गाडीत जाऊन बसले. कंडक्टर तिकीट फाडायला तयार नव्हता, मीच हट्टाने फाडायला लावलं. याला आता महिना उलटून गेला. लोक म्हणतात, बाई मोठ्या धीराच्या. धीर कसला आलाय... हात अंगाखाली दबून राहिला की काही वेळ तो आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं आहे. जेवते, शिकवते, वह्या तपासते. बाकी काही जाणवत नाही.

दादा म्हणजे मुकुंद, माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंच. वडील लवकर गेले, आईने खाडीकाठच्या थोड्या भातशेतीवर आणि चार माडांवर आम्हाला वाढवलं. मॅट्रिक झाल्यावर दादा बेळगावला लष्कराच्या कोठारात कारकून म्हणून लागला आणि तिथे जवानांबरोबर हॉकी खेळायला शिकला. सुट्टीत घरी आला की खांद्यावर हॉकीची काठी. आई विचारायची, "ही काठी काय गुरां राखूक हाडलंस?" तोही गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "होय गे आये, साहेबाची गुरां राखतंय थंय." घरात हसणं त्याच्यामुळेच होतं. मी तर जन्मापासूनची आंबट तोंडाची, असं आईच सांगते.

मग एका उन्हाळ्यात बेळगावहून दोघं जण त्याला घरी पोचवायला आले. त्याला झोप नव्हती. खाडीतून कोणीतरी हाक मारतंय म्हणायचा आणि ओ द्यायचा. गावाला जे ठाऊक होतं ते गावाने केलं. देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, अंगारा लावला. तो भरतीच्या पाण्यात चालत जायला लागला, तेव्हा त्याला पडवीच्या खांबाला बांधला. आईने स्वतः बांधला, काचू नये म्हणून जुन्या लुगड्याने. शेवटी आमच्या दवाखान्याचे डॉक्टर त्याला रत्नागिरीला वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. वर्षभराहून जास्त तो तिथे राहिला आणि बरा होऊन आला. वाळलेला, हात थोडे थरथरणारे, पण बरा.

बरा झाल्याचं इस्पितळाने लिहून दिलं. गावाने मात्र ते काही धरलं नाही. आमच्याकडे कोणी जरा वेडंवाकडं बोललं की समोरचा चटकन म्हणतो, "तुका रत्नागिरीक धाडूक होयो." दादा दिसला की लोक ते वाक्य गिळायचे, आणि त्यांचं ते गिळणं आम्हाला ऐकू यायचं. कुणी त्याला वाईट वागवलं असं नाही. चहा द्यायचे, बस म्हणायचे. फक्त त्याच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. तो म्हणाला ओहोटी लागली, की लोक मान डोलवायचे आणि मग स्वतः खाडीकडे बघून घ्यायचे. गोठ्याचं दार लावलं म्हणाला, की आई उठून बघून यायची. दार लावलेलंच असायचं. हळूहळू त्याने काही सांगणंच सोडलं. मी एकदा त्याच्यावर चिडले, तर म्हणाला, "सांगान काय करू गो? सांगलंय तरी बघूक जातलीच ती." हे तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

हॉकीची कल्पना डॉक्टरांची. त्यांना दवाखान्याशेजारी एक खोली बांधायची होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा तिथे यावं, औषध द्यावं आणि कुणाला खांबाला बांधायची वेळ येऊ नये, एवढंच. पण वेड्यांसाठी वर्गणी म्हटल्यावर लोक दाराआड जायचे. सुट्टीवर आलेले लष्करातले मुलगे मात्र दर हिवाळ्यात कापणी झालेल्या मळ्यात हॉकी खेळायचे, आणि ती बघायला पंचक्रोशी लोटायची. डॉक्टर म्हणाले, आपण सामने लावू आणि शेवटी पावणी करू. पावणी म्हणजे देवळात करतात तसा लिलाव. बघायला येणाऱ्याने काहीतरी आणायचं, नारळ, सुरण, कोहळा, कोंबडा, आणि सामने संपल्यावर त्याची बोली लागायची. आमची माणसं वर्गणीला हात आखडतील, पण शेजाऱ्याने बोली वाढवली की मागे हटायची नाहीत. एका कोहळ्यासाठी दोन व्याही असे हट्टाला पेटले की त्या मोलात शेळी आली असती. मळा खळ्यासारखा ठोकून सपाट केला, शिंपल्यांच्या चुन्याने रेषा मारल्या. खऱ्या काठ्या थोड्याच, बाकीच्यांनी माडाच्या झावळीचा बुंधा तासून घेतला. चेंडू म्हणजे जाळ्याच्या बुचावर घट्ट गुंडाळलेली सुतळी.

अडलं ते पंचावर. या गावचा पंच त्या गावाला चालेना. डॉक्टर म्हणाले, मुकुंदाला करा, नियम त्याच्याएवढे कुणालाच ठाऊक नाहीत. मंडळींना हसू आलं. "येड्याक शिटी?" असं कोणीतरी पुटपुटलंच. तेव्हा शेजारच्या देवबागचे रामा तांडेल, मोठ्या होडीचे नाखवा, पायातली चप्पल सारखी करत म्हणाले, "होडयेत तांडेलाचो शब्द एक. तो चुकलो तरी वल्ही त्येच्याच शब्दार चलतत. मळ्यार तसोच कोणाचो तरी एक होयो. ह्येचो असांदे." त्यांचा संघ सगळ्यांत दांडगा होता, त्यामुळे पुढे कोणी वाद घातला नाही.

पहिल्या सामन्यात दादाने शिटी मारली आणि कोणीच थांबलं नाही. त्याने पुन्हा मारली नाही. नुसता उभा राहिला. चेंडू लांब गेला, मग एक जण थांबला, मग दुसरा, मग सगळे. दादाने बोटाने जागा दाखवली, चेंडू तिथे आणून ठेवला गेला आणि खेळ सुरू झाला. बायकांच्या घोळक्यात आई बसली होती. तिने माझा हात धरला तो सामना संपेपर्यंत सोडला नाही.

असे सामने दर हिवाळ्यात होऊ लागले. खोलीचा पाया झाला, मग भिंती उठल्या. कौलं चढायची राहिली होती, त्या वर्षी शेवटच्या सामन्यात आमचं गाव आणि देवबाग समोरासमोर आले. खेळ संपत आला होता. आमच्या शांतारामने चेंडू मारला तो थेट गोलात. शांताराम म्हणजे दवाखान्याचा कंपाउंडर, आमच्या संघाचा कप्तान. सगळा मळा नाचायला लागला आणि दादाची शिटी वाजली. गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या आतून मारलेला चेंडूच गोल धरतात, आणि दादाचं म्हणणं, शांतारामने बाहेरून मारला. रेषा तर पायांखाली कधीच पुसून गेली होती. आमचेच लोक आरडाओरड करत आत घुसले आणि कुणीतरी ते इतकी वर्षं गिळलेलं वाक्य ओरडून बोलला, "ह्येका परत रत्नागिरीक पोचवा!"

नाचणारे पाय जागीच थांबले. दादा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता तो शिटी टाकून घरी निघून जाणार आणि पुन्हा कधी काही बोलणार नाही. शांताराम तणतणत त्याच्याकडे गेला. त्याच्या कपाळाच्या शिरा मला बायकांतून दिसत होत्या. समोर उभा राहून त्याने विचारलं, "भायर होतो?" दादा म्हणाला, "भायर होतो." शांताराम वळला आणि आमच्याच लोकांवर खेकसला, "पंचान सांगल्यान मा? मगे सरला. चला भायर सगळे." देवबाग जिंकलं. शांताराम पुढे आठवडाभर दादाशी बोलला नाही, पण पंचाचा शब्द त्याने मोडला नाही.

घरी आल्यावर मी दादाला पाणी दिलं. तो म्हणाला, "माका नक्की दिसूक नाय गो." मी उडालेच. "मगे शिटी कित्याक मारलंस?" तर म्हणतो, "पंचान गप ऱ्हवान चलणा नाय. दिसला तसा सांगूचा, आणि चारचौघांनी ता धरूचा. नायतर खेळ कसो होतलो?" मग गोठ्याकडे जाऊन आला आणि दार लावलं म्हणाला. आई भात निवडत होती. ती उठली नाही.

खोलीवर कौलं चढली. रत्नागिरीचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायला लागले. दादा त्या दिवशी तिथे हजर असायचा. आलेल्या माणसांशेजारी बसायचा, त्यांना विडी द्यायचा. लोक तिला मुकुंदाची खोली म्हणायला लागले. आमचे डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे गेले, नवीन आले, सामने चालू राहिले.

आणि मग तो दिवस. त्या दिवशी काय घडलं ते आईने मला नंतर सांगितलं, तेव्हा मी चूल फुंकत होते, फुंकतच राहिले. सकाळी दादा म्हणाला, छातीत दुखतंय, डावा हात जड झालाय. आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर देवीच्या लशी टोचायला खाडीपलीकडे गेलेले. शांतारामने त्याचा घामेजलेला चेहरा पाहिला, कापणारे हात पाहिले आणि त्याला वाटलं, जुनं दुखणं उलटलं. त्याने दादाला प्रेमाने, धरून, त्याच्याच खोलीत नेला. तिथल्या खाटेवर निजवला. झोपेचं औषध दिलं. दादा म्हणाला, "मनाचा नाय रे शांताराम. छातीत दुखता." शांताराम म्हणाला, "व्हय व्हय, नीज आता." दादाने पुन्हा सांगितलं. मग आई बोलली, "तो सांगता ता खरा आसा." एके काळी उठून गोठ्याचं दार बघून येणारी आमची आई, तिने त्याचा शब्द धरला. पण येड्याची आईस, तिचा शब्द तरी कोण धरणार? शांतारामने तिलाही चहा आणून दिला... खाडीपलीकडे होडी पाठवली असती तर डॉक्टर तासाभरात आले असते. दुपारी दादा गेला. ज्या खोलीसाठी तो दहा गावांसमोर उभा राहिला, तिथेच गेला, आणि ती खोली त्याच्या मनासाठी होती म्हणून त्याच्या छातीकडे कोणी पाहिलं नाही. मला शांतारामचा राग यायला हवा. येत नाही. तो दहाव्याला आला, ओसरीवर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. आईने त्याला जेवायला वाढलं.

शोकसभेत दादाची तसबीर खोलीत लावायचं ठरलं. पण रत्नागिरीचे डॉक्टर येतात त्या दिवशी आई आता त्या खोलीत जाऊन बसते. तिला कोणी बोलावलेलं नाही आणि नको म्हणायची कुणाची छाती नाही. परवा मी गावी होते, म्हणून तिच्याबरोबर गेले. देवबागचा एक मच्छीमार, चांगला बाप्या माणूस, त्याला त्याच्या भावाने आणला होता. डॉक्टर भावाला विचारत होते आणि भाऊ सांगत होता. झोपत नाही, ओरडतो, होडीवर चढायला सांगितलं की लाथा झाडतो. डॉक्टर लिहून घेत होते.

"त्येका इचारा," आई म्हणाली.

डॉक्टरांनी वर बघितलं. "काय म्हणालात, आजी?"

"ह्येका कित्याक इचारतास? दुखणा त्येचा. त्येका इचारा."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला आणि त्या माणसाकडे वळून विचारलं. भाऊ पुन्हा बोलायला लागला, तसा शांतारामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो माणूस खालीच बघत म्हणाला, "पाय दुखता."

डॉक्टर उठून त्याच्या पायाशी बसले. टाचेत माशाचा काटा मोडून राहिला होता, वर कातडी धरलेली, आत सगळा पू. शांताराम गरम पाणी आणायला धावला. पाय धुतला, चिरला, काटा निघाला. डॉक्टरांनी तो त्या माणसाच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि मग भावापुढे धरला.

"मिया सांगत होतंय मा तुका," तो म्हणाला.