डाव्या बाजूचं अपेंडिक्स

सातवीत असताना शाळेतच मला रक्ताची उलटी झाली. अकोल्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या एका बाईने आईला विचारलं, "काहून वं, पोरीचा बाप लय पेते काय?"

"बाप पेल्यानं पोरीले उलटी होते का वं बाई?" आई फटकन म्हणाली.

आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला विचारलं, "जन्मल्यावर हिची बेंबी पिकली होती?"

पिकली होती. नाळेवर आईने चुलीतली राख लावली होती. आमच्याकडे सगळ्याच लावत. त्या पिकण्याने आतड्याकडचं रक्त यकृतात नेणारी शीर बंद झाली असावी, असं डॉक्टर म्हणाले. अडलेलं रक्त अन्ननलिकेच्या शिरांत चढलं, त्या फुगल्या आणि फुटल्या.

नागपूरला माझी प्लीहा काढली आणि तिची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडली. रक्ताला आडवाट मिळाली.

"मंग यकृत उपाशी राईन ना?" आईने विचारलं.

यकृताला हृदयाकडून येणारी आणखी एक धमनी असते. पहिल्या वाटेने रक्त कमी आलं की ती आपसूक रुंदावते, असं कळलं. उलट्या थांबल्या. गावात आईने अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असं सांगितलं.

मी लग्नाची झाल्यावर अचलपूरचे पाहुणे आले. वाकून पोहे देताना ब्लाउजखालचा, डावीकडचा व्रण मुलाच्या आत्याला दिसला.

"हे काय वं पोरी?"

"अपेंडिक्स," आई म्हणाली.

"ते तं उजवीकडे असते. माह्यंबी काढलं."

मुलाने मान खाली घातली. सगळ्यांचे डोळे माझ्या पोटावर. पदर ओढायचीही मला लाज वाटली. शेवटी मी सरळ सांगून टाकलं: उलट्या, प्लीहा, जोडलेली शीर.

"पण झालं कशानं?" आत्याने विचारलं.

जन्मापासूनच, असं मी म्हणणार होते. आई आधी बोलली. "राख म्या लावली होती. पोरीचा काई दोष नाई." आणि तिने त्यांच्यापुढे हात जोडले. व्रण दिसल्याची लाज त्यापुढे काहीच नव्हती.

"आमीबी राखच लावतो वं," आत्या हळूच म्हणाली. पण थोड्याच वेळात त्यांना बसची घाई झाली. नंतर त्यांच्याकडून निरोप आला नाही.

उरलेले पोहे आई गाईपुढे टाकायला निघाली होती. मी पातेलं काढून घेतलं, दोघींना वाढलं.

"थंडे झाले," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती.

"खाय," मी म्हणाले. माझ्यानेही तिच्याकडे बघवलं नाही.