चिठ्ठीत नसलेलं बीपी

त्या दिवशी मी माझा आजार खोलीवर विसरून वर्गात गेलो.

म्हणजे चिठ्ठी विसरलो. जामखेडकडच्या एका केंद्रात मी वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवतो. बीपी बघायचं, बाळंतिणीची चौकशी करायची, कुणाला दवाखान्यात धाडायचं ते ओळखायचं. मी डॉक्टर नाही, त्याही नाहीत. त्यामुळे आमचं जमतं. शिकवताना आम्ही एक नाटक करतो. मी दुखणं अंगावर काढणारा माणूस बनतो आणि एका बाईनं मला पटवून दवाखान्यात न्यायचं. बीपीच्या यंत्राचा पट्टा दंडाला नुसता गुंडाळायचा. आकडा मी चिठ्ठीवर लिहून आणतो. नाटक मला बरं जमतं. संध्याकाळी दुसरं काम नसतं, त्यामुळे तालमी भरपूर होतात.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून बायको बेलापूरला असते. मी इथे एका खोलीत, मेसच्या डब्यावर. खुर्च्या मात्र दोन घेतल्या होत्या. दुसरीवर कपडे बसतात; बायको एकदा येऊन बघून गेली आहे.

चिठ्ठी नाही म्हटल्यावर, त्या दिवशी नाटकात जिचा नंबर होता त्या बाईनं पट्टा बांधला आणि सरळ यंत्राचं बटणच दाबलं. आकडा बघून म्हणाली, "सर, ह्यो तर तुमच्या चिठ्ठीपरीस जास्त हाय."

"यंत्र बिघडलं असेल."

"पेशंट असंच म्हनतो, तुमीच सांगितलं हुतं." तिनं मला जरा शांत बसवून पुन्हा मोजलं. यंत्र शब्दाला पक्कं निघालं. "मीठ लई खाता का?"

"डबा खारट असतो."

"जेवताना संगं कोन असतं?"

"मोबाईल," मी म्हणालो. वर्ग खळखळून हसला. ती हसली नाही. हा प्रश्न मी शिकवलेल्यांत नव्हता.

"घरी म्हाईत हाय का?"

"सांगतो की सावकाश."

"आत्ता लावा फोन. घरचं मानूस बोलल्याबिगर सोडायचं न्हाई, ह्यो नियम तुमचाच."

नियम माझाच होता. फोन लावला. आता अडचण अशी, की तालमीसाठी मी बायकोलाही कितीदा असंच फसवलेलं. ती उचलताच म्हणाली, "बोला पेशंट, आज काय? बीपी का शुगर?"

"बीपी. पण आज खरंच."

"मागच्या वेळी आवाज छान काढला होतात. आज नाही जमलं. आईला भरवतेय, संध्याकाळी बोलू." फोन बंद.

वर्गात कुणी हसलं नाही. मी बराच वेळ फोन कानालाच धरून उभा होतो, कारण तो खाली घेतल्यावर कुणाकडे बघायचं ते कळेना.

"चला," ती बाई म्हणाली. "मी येते संगं."

दवाखान्याच्या बाकावर ती माझ्याशेजारी बसली. पुढे घुसणाऱ्या एकाला तिनं अडवलं, "ओ दादा, आमचा पेशंट आदुगर हाय." मला इतकं बरं वाटलं, की बीपी उतरून आपण खोटे ठरू अशी भीती वाटली. तसं झालं नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. ती तिच्या वस्तीच्या जीपमध्ये बसून गेली, मी खोलीवर आलो.

बायकोचा संध्याकाळचा फोन ठरलेला. "जेवलात का?" "जेवलो." एवढ्यात आमचं सगळं भागतं. त्या दिवशी मी "जेवलो" म्हटलं नाही. यंत्राचं सांगितलं, बाकाचं सांगितलं, गोळ्या वाचून दाखवल्या. शेवटी हसवायला म्हणून मोबाईलचा विनोदही सांगितला. पलीकडून नुसता सासूबाईंचा खोकला ऐकू येत राहिला.

मग ती म्हणाली, "आई झोपल्यावर मी तरी कुणाबरोबर जेवते? उद्यापासून डबा उघडलात की फोन लावा. मी ताट घेऊन बसते. आणि त्या दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे आधी उचला."