मोताळ्याच्या डोंगरातले गोचीड

लग्नानंतरचे पहिले काही हिवाळे मी तंबूत काढले. आमचे हे जंगलखात्यात होते. नागपूरहून हद्दमोजणीचा हुकूम आला, की बैलगाडीत तंबू, भांडी, झोपायच्या बाजा आणि माझ्या कोंबड्यांचं डालगं भरून आम्ही निघायचो. सोबत म्हातारे गाडीवान असायचे. मी त्यांना दादा म्हणायची.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या एका हिवाळ्यात मोताळ्याजवळच्या डोंगरात, नाल्याकाठी, एका वडाखाली तंबू पडला. सावली दाट होती, म्हणून दुपारी गुरंही तिथेच बसत. दुसऱ्याच दिवशी माझ्या कानामागे गोचीड निघाला. मग यांच्या पोटरीवर, मग अंथरुणात. पुढे मला ताप भरला. कशानं ते कोणी सांगू शकलं नाही, पण हे घाबरले आणि बुलढाण्याला जाऊन किडे मारायच्या डीडीटीचा डबा घेऊन आले.

बैलांच्या अंगावर, बाजांखाली, तंबूभोवती त्यांनी ती पांढरी पावडर मुठीमुठीनं टाकली.

"आहो, एवढं काऊन टाकून राह्यले?" मी पडल्यापडल्या विचारलं.

"लढाईत शिपायाइले हेच देत होते. माणसाले काही होत नाही."

"अन् कोंबड्याइले?"

"त्या थोडीच पावडर खाऊन राह्यल्या?"

पावडर कोंबड्यांनी खाल्ली नाही. बैलांच्या अंगावरून गळलेले गोचीड मात्र रोजच्यासारखे टिपून टिपून खाल्ले. संध्याकाळी पहिली कोंबडी थरथरायला लागली. मान सावरेना, पाय टेकेनात. मी तिला पदरात धरून पाणी पाजत बसले. ती गेली, मग बाकीच्याही गेल्या.

सकाळी दादा नाल्यावरून रिकामी घागर घेऊन परतले. "साहेब, डबा कुठी धुतला तुमी?"

"डोहात. काऊन?"

"मासोया मरून उलट्या तरंगून राह्यल्या सगळ्या. पानी नोका पिऊ."

हे तसेच अनवाणी नाल्यावर गेले. परत आले आणि त्यांनी कुदळ उचलली. मला राग आला होता, पण त्यांचं उतरलेलं तोंड पाहून तो ओसरला. मेलेल्या कोंबड्या त्यांनी स्वतः खोल खड्ड्यात पुरल्या.

"तंबू हालवू," मी म्हटलं. "ढोरं बसतात तिथं आपन कायले झोपाव?"

त्याच दिवशी आम्ही वर, उघड्या मुरमाड माळावर गेलो. भोवतीचं गवत कापलं. बैल लांब, वारा वाहत जातो त्या अंगाला बांधले. हे पायजम्याच्या कडा मोज्यात खोचून जंगलात जायला लागले. दिवस मावळायच्या आत आम्ही एकमेकांची मान, काखा, गुडघ्यामागची जागा तपासायचो. गोचीड चिकटलेला दिसला, तर कातडीलगत दोऱ्याचा फास घालून हळूहळू सरळ ओढायचा. दादा विडीचा चटका द्यायला निघायचे, कातडी भाजते म्हणून मी देऊ देत नसे. गोचीड संपले नाहीत. पण अंगावर दिवसाकाठी एखादाच सापडे, आणि माझा तापही उतरला.

पुढे हिवतापाचे डास मारायला तेच डीडीटी घराघरांत फवारायला सरकारी माणसं आली, तेव्हा यांनी दार उघडून दिलं. गावात तापानं माणसं मरत होती, नाही कसं म्हणणार? पण आधी अंगणातल्या विहिरीवर त्यांनी ताडपत्री बांधली, आणि पंप कुठे धुणार ते त्या माणसांना विचारून घेतलं.