डोंगरावरचा बसका केक

केकवाल्या काकांची नि माझी ओळख माझ्या शिंकेने करून दिली. शिंक अशी दणदणीत, की समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या उधळल्या असतील. “झालं! बसवलात माझा केक!” काका भट्टीआडून गरजले.

खाली सपाटीवर नाव कमावून काकांनी या उंच गावात दुकान थाटलं होतं. इथे त्यांचा केक भसकन फुगे आणि मधोमध खड्डा पडून बसे. गिऱ्हाइकं तुटत चालली. दोष मात्र कधी दाराच्या आवाजाचा, कधी काकूंच्या पावलांचा.

“अहो, इथली हवा विरळ. सोडा निम्मा करा,” काकू विनवीत.

“वडिलांचं माप बदलू? त्यापेक्षा तू हळू चाल!”

शेवटी काकांनी माप बदललं नाही, गाव बदललं. त्या जागी आता चपलांचं दुकान आहे.