गाडीच्या दारातली दांडी

मेस्त्रीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, तो बायकोला कुशीवर वळवण्यापासून. ती अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली होती. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, श्वास रोखायचा आणि वळवायचं. कंबर कुरकुरायची. हँडल फिरवलं की वरखाली होणारा पलंग घ्यायचा, एवढा एकच ध्यास त्यानं घेतला होता.

"आज गाडीचं किती वजन उतरवणार?" ती विचारायची.

"शेठ म्हणेल तेवढं."

"गाडीचंच उतरवा. माझ्यात आता काढण्यासारखं काही राहिलं नाही."

शेठच्या गॅरेजात वेगवान गाड्या हलक्या करायचं काम चाले. काढलेली प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकासमोर काट्यावर चढायची, अशी तिथली रीत. आता आलेल्या लाल गाडीचं शंभर किलो उतरवायचं होतं. उतरलं तर पलंग येईल एवढी बक्षिसी शेठनं कबूल केली होती. गाडी रस्त्यावरच धावणार, त्यामुळे दिवे, पट्टे, एअरबॅग यांना हात लावायचा नव्हता.

मागची सीट निघाली. गालिचा निघाला. जड बॅटरी जाऊन हलकी आली. आवाज दाबण्यासाठी तळाच्या पत्र्यावर डांबराचा थर असतो. त्यावर कोरडा बर्फ पसरायचा, थर कडक झाला की हातोडीनं ठोकायचं. मग खपल्या सुटतात. मेस्त्रीनं कोपरान्‌कोपरा खरवडला. तरी चार किलो कमीच पडले.

"दारात आडव्या लोखंडी दांड्या आहेत ना, त्या कापा," गिऱ्हाईक म्हणालं. "तपासणीला दाराच्या आत कोण बघतो?"

"साहेब, बाजूनं कोणी ठोकलं तर मार ती दांडी खाते. ती नसली तर तुमच्या बरगड्या."

"मेस्त्री, मला गाठेल तो ठोकेल ना."

शेठ हसला. "काप रे. बक्षिसी नको झाली का?"

"चार किलोच हवेत ना? परवा देतो. दांडीला हात लावणार नाही."

"दे. पण काट्यावर दिसलं पाहिजे."

चाकांच्या वर, आतल्या कमानींत, गंज रोखणारा जाड लेप होता. तिथं बर्फ ठरत नाही, खाली पडतो. लिफ्टवर दुसरी गाडी. मेस्त्री गाडीखाली उताणा पडला आणि लोखंडी पत्रीनं लेप खरवडत राहिला. हात वर, मान वर, कंबर थंड फरशीवर. दुसऱ्या दिवशी दुपारी खपल्यांची बादली काट्यावर चढली आणि शंभर भरले. उघड्या पत्र्याला पातळ रंग मारून तो उठायला गेला, तर पाय हलेनात.

दोघांनी उचलून त्याला घरी आणलं. बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, आता मला कोण वळवणार?"

मणका सरकलाय, यापुढे वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं.

शेठ शब्दाला जागला. बक्षिसी घेऊन स्वतः आला, उंबऱ्यातच उभा राहिला. "घाई करू नकोस, तुझ्या जागी माणूस घेतलाय," म्हणाला. जाता जाता त्यानं हेही सांगितलं, की त्या साहेबाला गाडी आणखी हलकी हवी होती. नव्या माणसानं दारातल्या दांड्या कापून दिल्या.



पलंग काही आला नाही. त्या पैशांतून पहाटे पाचला एक बाई येऊ लागली. "यांना काय, एका हातानं उचलेन," ती पहिल्या दिवशी बायकोकडे बघून म्हणाली. आधी बायकोला कुशीवर वळवते, मग मेस्त्रीला बखोटीला धरून उठवते.