दोनदा परत आलेली व्हॅन

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात गावात दोघांचंच बोलणं थांबत नव्हतं. एक टँकरच्या रांगेतल्या बायांचं आणि दुसरं बसलिंगप्पाचं. बायांना निदान घागर भरली की घरी जावं लागायचं. बसलिंगप्पाला तेवढीही सक्ती नव्हती.

औसा रोडला त्याचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. पत्र्याची शेड, पुढं मोकळं मैदान, त्यात दहा-बारा गाड्या उन्हात तापत उभ्या. दर रविवारी अकरा ते बारा गावातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर त्याचा कार्यक्रम लागायचा, ‘अप्पाची गाडी’. खरं तर ती जाहिरातच. पहिल्या दिवशी त्याला लिहून दिलेला कागद वाचायचा होता आणि हा गडी चष्मा घरी विसरून आला. माईक चालू झाला, तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं एका जीपबद्दल सांगायला सुरुवात केली. “मॉडेल जुनं हाय. आमच्या सासूबाईगत. सकाळी लवकर उठत न्हाई, उठली की दिवसभर थांबत न्हाई, आन् रिव्हर्स म्हणून काय असतंय ते तिला ठाऊकच न्हाई.” काचेपलीकडं बसलेला व्यंकट, म्हणजे केंद्रावरचा निवेदक, हसता हसता खुर्चीवरून घसरला. जीप त्याच आठवड्यात गेली. कागद पुन्हा कुणी लिहिला नाही.

तेव्हापासून बसलिंगप्पाचं सगळं खानदान गाड्यांच्या मागं बसून रेडिओवर फिरू लागलं. भालकीची सासू, निजामाच्या काळात सायकलला परवाना मागायला गेलेला आजा, लग्नात वरातीची मोटार ढकलत नेणारे तीन मेहुणे. बायको गौरम्मा स्वयंपाकघरात रेडिओ लावून ऐकायची आणि तो घरी आला की कन्नडमध्ये त्याचा उद्धार करायची. पण ऐकायची. दुष्काळात तर त्याच्या जिभेला आणखी धार आली. “गाड्या धुतलेल्या न्हाईत. पाणी प्यावं का गाडी धुवावी? रंग धुळीखाली हाय, आरसी बुकात लिहिलाय, त्येच्यावर भरवसा ठेवा.” उदगीर नवा जिल्हा होणार अशी त्या वर्षी हूल उठली होती. लातुरात राहणारा तिकडचा कुणीतरी फोन करून विचारायचा, “अप्पा, जिल्हा झाला की गाडीला नवा नंबर येनार म्हणं. तवर थांबावं का?” हा म्हणायचा, “थांबा की. जिल्हा होईस्तोवर पायी चाला. तब्येत सुधरंल.”

सगळा मुलूख त्याला अप्पा म्हणू लागला. त्याला ते फार आवडायचं, हे इथं सांगून टाकलेलं बरं. माणूस वाईट नव्हता, पण चार लोक हसले की त्याला पाचवा हवा असायचा, आणि त्या पाचव्यासाठी तो घरातलं काय उचलून देईल याचा नेम नव्हता.

आदल्या वर्षीच्या श्रावणात त्यानं असंच एक उचलून दिलं.

त्याची एकुलती एक लेक दानम्मा निलंग्याला दिली होती. जावई सिद्धलिंग, मोंढ्यात धान्याची आडत, स्वभावानं मऊ. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्या श्रावणात दानम्मा माहेरी येऊन आतल्या खोलीत पडून होती. “अशक्तपणा आलाय,” एवढंच गौरम्मानं नवऱ्याला सांगितलं. वर्षापूर्वीही ती अशीच येऊन महिनाभर राहिली होती. बसलिंगप्पानं जास्त चौकशी केली नाही. बायकांचं काहीतरी असेल, असं म्हणून गडी शेडवर गेला.

त्या रविवारी विकायला एक पांढरी व्हॅन होती. दोनदा विकली गेली आणि दोन्ही वेळा घेणाऱ्यानं आठवड्यात परत आणून लावली. गाडीत काही खोट नव्हती, गिअर जरा हलक्या हातानं टाकावा लागायचा इतकंच. बसलिंगप्पा माईकपुढं बसला आणि म्हणाला, “आता बघा, आमची दानम्मा. सासरहून दोनदा परत आली. हीबी व्हॅन दोनदा परत आली. पोरीत खोट न्हाई, गाडीत खोट न्हाई. चालवणाऱ्याला गिअर कळंना, त्येला आपण काय करावं?”

व्यंकट हसला. लातूर हसलं. सोमवारी ट्रकवाल्यांच्या तोंडून ते निलंग्याच्या मोंढ्यात पोचलं आणि हमालांनी पोती उतरवता उतरवता सिद्धलिंगला विचारलं, “मालक, गिअर कळाला का?”

दानम्मानं ते आईच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकलं होतं. अंथरुणातून उठून ती नुकतीच पहिल्यांदा चुलीपाशी येऊन बसली होती. बसलिंगप्पा घरी आला, तेव्हा तिची पिशवी दारात भरलेली होती. ती रडली नाही, भांडली नाही. चपला घालता घालता म्हणाली, “आता तुमी सगळ्यांचेच अप्पा झालाव.” आणि एसटी स्टँडकडं चालू लागली.

संध्याकाळी गौरम्मानं त्याला खरं सांगितलं. चौथा महिना होता. पोटातलं गेलं. आदल्या वर्षीही तेच. असल्या गोष्टी पुरुषांना सांगत नाहीत म्हणून तिनं सांगितलं नव्हतं, आणि आता त्याबद्दल ती स्वतःलाही शिव्या देत होती. बसलिंगप्पा ओसरीवर बसून राहिला.

त्यानं फोन केले. दानम्मानं उचलले नाहीत. सिद्धलिंगनं एकदा उचलला, “बरं हाय सगळं, मामा,” म्हणाला आणि ठेवला. बसलिंगप्पा म्हणाला, रेडिओवरच माफी मागतो. गौरम्मा भडकली. “म्हंजे उरलेलंबी जगाला सांगनार? गप बसा.” त्याला ते पटलं. निलंग्याला जावं, तर कोणत्या तोंडानं? त्यातून त्यांच्या घराण्यात एक रीत होती. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचा घास तोंडात घालायचा नाही. त्याच्या आज्यानं पाळली, बापानं पाळली, यानंही तीन वर्षं पाळली होती. निलंग्याला गेला तरी उंबऱ्यात उभा राहून, पाणीसुद्धा न घेता परत यायचा. आता तर उंबऱ्यातही कुणी बोलावत नव्हतं. गौरम्मा अधूनमधून एसटीनं जाऊन यायची. “पोरगी कशी हाय?” तो विचारायचा. “हाय,” ती म्हणायची. एका शब्दावर तो महिना काढायचा.

ती व्हॅन त्यानं पुन्हा विकायला काढली नाही. स्वतःच वापरू लागला. आणि त्याला एक नवीनच खोड लागली. कुठलीही गाडी ट्रायलला काढली की तिचं तोंड निलंग्याकडं वळायचं. रेडिओ चालू ठेवून तो जायचा. औशापर्यंत लातूरचं केंद्र खणखणीत लागायचं. लामजन्याच्या पुढं आवाज चिरकायचा. निलंग्याच्या अलीकडं नुसती खरखर, आणि तिच्यात मिसळून पलीकडच्या कर्नाटकातलं एखादं गाणं. तिथं तो गाडी थांबवायचा, खिडकीची काच खाली घ्यायचा, कान देऊन बसायचा. आपला आवाज लेकीच्या घरापर्यंत पोचत नाही, हे त्याला दर वेळी नव्यानं कळायचं. यात सुटका मानावी का दुःख, हे काही त्याला ठरवता आलं नाही. गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक शेजारी घाम पुसत बसलेलं असायचं.

त्याला आठवायची पाच वर्षांची दानम्मा. तेव्हा घर शेडच्या मागंच होतं. दुपारी स्वयंपाक झाला की गौरम्मा पोरीला पाठवायची, जा, अप्पाला बोलाव. घरात त्यांची बोली कन्नड. “ऊटक्क बा,” म्हणजे जेवायला ये, असं आई सांगायची. पोरगी अनवाणी पळत यायची, तापलेल्या मातीवर पाय उचलत फाटकात उभी राहायची, ‘ऊटक्क’ विसरायची आणि नुसतं म्हणायची, “बा.” म्हणजे ये. एवढं म्हणून वळायची आणि बाप मागं येतोय का हे न बघताच घराकडं चालू लागायची. गिऱ्हाइकं म्हणायची, “शेठ, लेक तुमाला बा म्हणती व्हय? गावाकडच्यागत? ब्येस वाटतंय.” मराठीत बा म्हणजे बाप, त्यामुळं त्यांचं चुकत नव्हतं. बसलिंगप्पा मान हलवायचा आणि पोरीच्या मागं निघायचा. बापाला तिनं जन्मभर अप्पाच म्हटलं. शाळेत जायला लागल्यावर ‘बा’सुद्धा सुटलं, मोठ्या माणसाला म्हणतात तसं ‘बर्री’ म्हणू लागली. सगळं घर त्यानं रेडिओवर काढलं, पण ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तर त्या उन्हाळ्यातला एक रविवार. पावणेबारा वाजत आले होते. उदगीरच्या एकाला नव्या नंबराबद्दल उत्तर देऊन झालं होतं. पुढचा फोन कुणा केरबाचा होता, औशाचा.

“अप्पा, ती पांढरी व्हॅन गेली का हो? ती दोनदा परत आलेली, तुमच्या लेकीवानी?”

काचेपलीकडं व्यंकट आधीच हसायला लागला होता. बसलिंगप्पानं तोंड उघडलं. जिभेवर नेहमीप्रमाणं काहीतरी आलंही होतं. ते त्यानं गिळलं.

“ती व्हॅन विकायची न्हाई, केरबा,” तो म्हणाला. “आन् ती गोष्टबी विकायची नव्हती. तिचे कागद माझ्या नावावर नव्हते. दुसऱ्याच्या नावावरची चीज मी बिनकागदाची विकून बसलो. आमच्या धंद्यात असल्या माणसाला काय म्हणतात ते तुमाला ठाव हाय.”

केरबानं फोन ठेवला. व्यंकटचं हसू जिरलं. बसलिंगप्पा माईकपुढं नुसता बसून राहिला. अख्खं मिनिटभर त्या केंद्रावरून काही ऐकू गेलं नाही. व्यंकटनं गाणं लावायला हात पुढं केला, तेवढ्यात फोनचा दिवा लागला. त्यानं तो गडबडीत तसाच जोडून दिला.

“हॅलो, कोण बोलतंय?” व्यंकट म्हणाला.

पलीकडं कुणी श्वास घेतला. मग बाईचा आवाज आला.

“बा.”

आणि फोन बंद झाला.

व्यंकटचे डोळे भरून आले. “ऐकलंत का मंडळी,” तो माईकमध्ये म्हणाला, “लेकीनं बापाला हाक मारली. बा म्हणाली.” घरोघरी रेडिओपाशी बसलेल्या लोकांनीही तसंच ऐकलं, आणि पुढं कितीतरी दिवस ते तसंच एकमेकांना सांगत राहिले.

बसलिंगप्पा तोवर जिना उतरत होता.

निलंग्याला तो पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. दार उघडं होतं. दानम्मा दारात आली, त्याच्याकडं बघितलं आणि एक शब्द न बोलता वळून आत गेली. तो तिच्या मागं गेला. उंबरा कधी ओलांडला ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

स्वयंपाकघरात फळीवर रेडिओ चालू होता. नुसती खरखर, मधूनच कानडी गाण्याची एखादी ओळ.

“हितं लागतंय व्हय आपलं केंद्र?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“खरखर ऐकत बसते,” ती म्हणाली. “बोलनं कळत न्हाई. मधी मधी त्या व्यंकटचं हसनं येतंय. त्यावरनं कळतंय तुमी बोलायलाव म्हणून. आज हसनं आलं आन् मधीच तुटलं. फुडं आलंच न्हाई. म्हणलं, काय झालं अप्पाला.”

म्हणजे तो काय बोलला ते तिनं ऐकलंच नव्हतं. बसलिंगप्पानं ते पुन्हा सांगितलं नाही. भिंतीला टेकून तो खाली बसला. आठ महिने ही पोरगी दर रविवारी या खरखरीपुढं बसत होती आणि तो तिकडं निलंग्याच्या अलीकडं गाडी थांबवून कान देत होता. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही.

दानम्मानं हात धुवायला तांब्या आणला. अर्धा भरलेला, त्या वर्षी तेवढंही खूप होतं. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

“मी आपलं ल्हानपणच्या सवयीनं बा म्हणले,” ती म्हणाली. “तुमी तर जेवनार न्हाई हितं.”

“वाढ की,” बसलिंगप्पा म्हणाला.

“आन् तुमची रीत?”

“रीत लेकरू होईस्तोवरची हाय.”

त्यानं तिच्या हातातून तांब्या घेतला, मोरीपाशी जाऊन हात धुतले, परत येऊन पाटावर बसला.

“झालं होतं की लेकरू,” तो म्हणाला. “दोनदा झालं होतं. वाढ.”

दानम्मानं फळीवरचा रेडिओ बंद केला आणि ताट घेतलं.